बाहेर चुना, आत चांदी

वैशाखातली दुपार. बारा वाजून गेले की करकंबच्या गल्लीत कुत्रेसुद्धा दिसत नाही. ते कुठे तरी गटारीच्या कडेला ओल शोधून पडलेले असते. माणसे मात्र घराबाहेर, लिंबाखाली. घर असून घरात बसता येत नाही, अशी तऱ्हा. आमची आई दर वर्षी चैत्र लागला की आपली बाज उचलायला लावायची. म्हणायची, "आरं, पत्र्याखाली बसणं म्हंजी तव्याखाली बसणं. भाकरी खालनं भाजती, आपुन वरनं भाजतो."

तिचे हे बोलणे आम्ही कित्येक वर्षे हसण्यावारी नेले. पुढे घरात पाळणा हलला. चार महिन्यांचे बाळ आणि सत्तरी ओलांडलेली आजी, दोघांनाही भर दुपारी लिंबाखाली तरी किती ठेवणार? लिंबाखाली सावली असते, पण झळा असतात, मुंग्या असतात. त्या वर्षी बाळाच्या अंगभर घामोळे उठले आणि आईला एकदा चक्कर आली. तेव्हा मात्र वरच्या तव्याचा विचार करणे भाग पडले. त्या विचारातून जे शिकलो, आधी चुकून आणि मग दुरुस्त करून, ते आपल्यासारख्या पत्र्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांसाठी इथे सांगत आहोत.

माळवद गेले, पत्रा आला

आपल्या सोलापूर भागातली जुनी घरे माळवदाची. जाड भिंती, सागाच्या नाही तर बाभळीच्या तुळया, त्यांवर किलच्या आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचे ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची. म्हणून भर उन्हात माळवदाखाली गारवा असे आणि रात्री माणसे वर अंगण केल्यासारखी माळवदावर झोपत. पण माळवद जड. दर पावसाळ्याआधी माती टाकायची, गळके बुजवायचे, तुळयांना वाळवी लागली का ते पाहायचे. ही कामे करणारे हात घरात उरले नाहीत. त्यातच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्या धक्क्यानंतर हलक्या छपराकडे माणसांचा ओढा वाढला. पत्रा स्वस्त, हलका, दोन दिवसांत घर उभे. त्यात चूक काहीच नाही. फक्त मातीबरोबर गारवाही गेला, आणि त्याची भरपाई कशी करायची हे कुणी सांगितले नाही.

ऊन घरात शिरते कसे?

भर उन्हात छपराचा पत्रा साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतो. हात टेकवला तर चटका बसतो. ही उष्णता खाली येते ती मुख्यत्वे वाऱ्यातून नव्हे. तापलेली हवा हलकी, ती वरच राहते. मग खाली चटका कसला बसतो?

शेकोटी आठवा. शेकोटीसमोर बसले की पोट भाजते आणि पाठ गारठते. हवा दोन्हीकडे सारखीच गार असते. पोटाला लागतो तो आगीतून सरळ रेषेत येणारा किरणांचा चटका. मधे कुणी फळी धरली की तो तत्काळ थांबतो. पत्र्याचेही तसेच. दुपारभर आपण डोक्यावर टांगलेल्या शेकोटीखाली बसलेले असतो. हिशेब केला तर दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरचा रंगीत किंवा जुना, काळवंडलेला पत्रा ऐन दुपारी खाली जी किरणांची उष्णता टाकतो, ती दीड-दोन हजार वॅटच्या विजेच्या शेगडीइतकी भरते. अशी शेगडी उन्हाळ्यात छताला उलटी टांगून कुणी शहाणा माणूस झोपेल काय? पण आपण झोपतो.

या किरणांना अडवणारी वस्तू घराघरात आहे. चहाचा थर्मास कधी फुटला असेल तर आतली काच आठवा, आरशासारखी चंदेरी. जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये ही बाटली बनवली. दुहेरी काच, मधली हवा काढून टाकलेली, आणि काचेला चांदीचा मुलामा. चहाची उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडू पाहते आणि मुलामा तिला माघारी धाडतो. ॲल्युमिनियमच्या स्वच्छ, चकचकीत पत्रीचा गुण हाच. तिच्यावर पडलेल्या शंभर भाग उष्णता-किरणांपैकी पंचाण्णवच्या आसपास ती परतवते. आणि दुसरा, त्याहून मोलाचा गुण म्हणजे ती स्वतः तापली तरी उष्णता फेकण्यात अतिशय कंजूष असते. तापलेला पत्रा उधळ्या हाताचा, तर ॲल्युमिनियम चिकट मुठीचे.

बाजारात यासाठी जी वस्तू मिळते तिला दुकानदार 'फॉइल शीट', 'बबल शीट' किंवा 'हीट शीट' म्हणतात. प्लॅस्टिकच्या हवेने भरलेल्या फुग्यांचा पातळ थर आणि त्याला एका किंवा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची पत्री. गुंडाळीवर मिळते, रुंदी बहुधा चार फूट. कात्रीने कापता येते, वजनाला हलकी असते आणि घरचे दोघे-तिघे मिळून लावू शकतात.

आमची पहिली चूक

आम्हीही अशीच एक गुंडाळी आणली. दुकानदार म्हणाला, "काय अवघड न्हाई, डिंक लावा अन् पत्र्याला आतून चिकटवून टाका." आम्ही तसेच केले. दोन दिवस शिडीवर चढउतार केली, मान मोडली, डिंकाने हात चिकटले. खोली चकाचक दिसू लागली. शेजारच्या वहिनी पाहून गेल्या. म्हणाल्या, "लगीनघर वाटतंय."

चैत्र आला आणि लग्नघराची भट्टी झाली. थोडा फरक होता, नाही असे नाही. पण खर्चाच्या मानाने काहीच नव्हता. त्यातच डिंक उष्णतेने सुटला आणि पट्ट्या लोंबू लागल्या. आई काही बोलली नाही. तिने बाज उचलायला लावली.

चूक कुठे झाली ते पुढे उमगले. तव्यावर चांदीचे ताट ठेवले तर ते तापणार नाही काय? तापणारच. चकचकीतपणा किरणांना परतवतो, पण टेकलेल्या वस्तूची उष्णता अंगातून अंगात चढते, तिथे चकाकीचे काही चालत नाही. आम्ही पत्री पत्र्याला टेकवली आणि वरच्या बाजूचा तिचा सगळा गुण वाया घालवला. किरणांना परतवायचे तर त्यांना आधी प्रवासाला जागा हवी. म्हणजे पत्रा आणि पत्री यांच्यामध्ये हवेची फट हवी. ही फट हीच खरी किमया आहे. पत्री निमित्त, फट मुख्य.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा गावोगाव दूरदर्शनसमोर माणसे बसली होती. त्या यानाभोवती गुंडाळलेला सोनेरी कागद पुष्कळांनी पाहिला असेल. ते सोने नव्हे. पिवळसर प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यामागे ॲल्युमिनियमचा थर असतो, म्हणून तो सोनेरी दिसतो. उपग्रहांसाठी असे अनेक थर एकावर एक ठेवतात आणि ते एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे बारीक जाळी घालतात. म्हणजे आकाशात काय आणि करकंबात काय, नियम एकच. चकाकी आणि फट यांची जोडी फोडायची नाही.

काम करावे कसे?

पुढल्या वर्षी माघात, ऊन तापण्याआधी, आम्ही ते सगळे काढून पुन्हा केले. त्याचा क्रम असा:

१. खरेदी. शक्यतो दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेली पत्री घ्यावी. दिसायला चकचकीत ते सगळे गुणी असतेच असे नाही. काही मालावर चकाकीवरून प्लॅस्टिकचा जाड पापुद्रा असतो, आणि तो पापुद्रा उष्णता फेकण्यात कंजूष नसतो. परीक्षा सोपी आहे. पत्री गालाजवळ, न टेकवता, बोटभर अंतरावर धरावी. उघडे ॲल्युमिनियम असेल तर आपल्याच गालाची ऊब परतून जाणवते. साधा कागद धरून फरक पाहावा. बिस्किटाच्या पुड्यांची चंदेरी वेष्टणे शिवून पडदे करण्याची कल्पना काही जण सांगतात. त्यांवरही असाच पापुद्रा असतो, म्हणून त्यांचा उपयोग कमी. स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची पत्री गुणी खरी, पण वाऱ्याने फाटते.

२. मोजमाप. दहा बाय बाराची खोली धरू. चार फुटी पट्टी बारा फुटांच्या दिशेने लावली तर तीन पट्ट्या लागतात. दोन पट्ट्यांचा एकमेकींवर चार बोटे चढाव धरूनही दहा फूट आणि वर उताराची वाढ निघते. टोकांच्या दुमडीसाठी प्रत्येक पट्टी तेरा फूट धरली तर एकोणचाळीस फूट. म्हणजे चाळीस फूट लांबी पुरे.

३. आधार. पत्र्याखाली जे लोखंडी पाइप किंवा लाकडी वासे असतात, त्यांच्या खालच्या अंगाला नायलॉनची दोरी दीड-दोन फुटांवर ताणून बांधावी. द्राक्षबागेत मांडवाची तार ताणणाऱ्या माणसाला हे काम शिकवावे लागत नाही. दोरी ढिली राहिली तर पत्री पोट सोडते. दोरीऐवजी बांबूच्या कामट्याही चालतात.

४. पत्री घालणे. पाइप आणि दोरी यांच्या मधून पत्री सरकवत न्यावी. पाइपाच्या जाडीइतकी, म्हणजे दीड-दोन इंचांची फट आपोआप मिळते. इंचभर फट ही किमान समजावी. सांध्यांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. एकाच बाजूला चकाकी असेल तर ती खाली करावी. उलटे वाटेल, पण कारण आहे. वरच्या तोंडावर धूळ बसते, आणि आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात धूळ किती उडते हे सांगायला नको. खालच्या तोंडावर धूळ बसत नाही, म्हणून त्याचा कंजूषपणा वर्षानुवर्षे टिकतो.

५. वारा. पत्री भिंतीपर्यंत गच्च नेऊ नये. खालच्या वळचणीला आणि वरच्या आढ्याला बोटभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे फटीतली तापलेली हवा आढ्याकडून निघून जाते आणि वळचणीकडून नवी येते. ही वाट हिवाळ्यातही कामाची. पहाटे पत्र्याला आतून जे दव धरते ते वाळायला वारा मिळतो आणि पत्रा गंजत नाही. उंदीर आणि चिमण्या शिरू नयेत म्हणून त्या जागेला प्लॅस्टिकची बारीक जाळी लावावी.

६. निगा. गुढीपाडव्याच्या साफसफाईत मऊ कोरड्या फडक्याने पत्री खालून पुसावी. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर धुराने तिचे खालचे तोंड काळवंडते आणि गुण जातो. अशा खोलीत दोन्ही बाजूंची चकाकी हवीच. आणि चूल, धुराडे, देव्हाऱ्यातला दिवा यांच्यावर ही पत्री मुळीच आणू नये. आतले फुगे प्लॅस्टिकचे आहेत. ते वितळते आणि पेट घेते.

विजेशी गाठ आहे

वाचकहो, एवढा भाग मात्र दोनदा वाचावा.

पत्र्याच्या घरात विजेच्या तारा बहुधा पाइपांवरून, वाशांवरून उघड्याच गेलेल्या असतात. कुठे चिकटपट्टीने जोड दिलेला, कुठे उंदराने कुरतडलेला. ॲल्युमिनियम ही धातू. एका सोललेल्या तारेला ती टेकली तर सगळे छत जिवंत होते.

ही नुसती भीती नव्हे. ऑस्ट्रेलिया सरकारने २००९ मध्ये घरोघरी छपराखाली उष्णतारोधक थर बसवण्याची मोठी योजना काढली. घाईने माणसे कामाला लागली, शिक्षण पुरते दिले गेले नाही. चार तरुण कामगार प्राणाला मुकले. तिघे विजेच्या धक्क्याने गेले, आणि त्यांतले दोघे चंदेरी पत्रीच बसवत होते. पत्री ठोकायला वापरलेली धातूची पिन छपरातल्या तारेत घुसली, इतके साधे कारण. चौथा मुलगा छपराखालच्या उष्म्यात काम करता करता गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये ती योजना बंद करावी लागली. श्रीमंत देश, सरकारी योजना, तरी हे झाले. आपण तर घरच्या घरी शिडीवर चढणार.

म्हणून आधी वायरमनला बोलवावे. छपराखालच्या सगळ्या तारा प्लॅस्टिकच्या पाइपात घालून भिंतीवर उतरवून घ्याव्यात. गळतीचा प्रवाह लागताच वीज तोडणारे खटक्याचे यंत्र मीटरजवळ बसवून घ्यावे. ते पत्री लावा वा न लावा, प्रत्येक पत्र्याच्या घरात हवेच. काम चालू असताना मेन स्विच बंद ठेवावा, नुसते दिव्याचे बटण नव्हे. धातूची पिन, खिळा, तार वापरू नये. दोरी आणि चिकटपट्टी पुरते. पत्री कोणत्याही तारेपासून, दिव्यापासून वीतभर दूर राहील असे पाहावे. आणि काम पहाटे सुरू करून नवाच्या आत उतरावे. डोके पत्र्याजवळ असते, तिथला उष्मा खाली उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही.

ज्यांच्या घरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत त्यांनी त्यांवर पाय देऊ नये, ते फुटतात. त्यांना भोके पाडू नयेत, घासू-कापू नये. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि त्यांची धूळ फुप्फुसाला घातक आहे. दोरीची पद्धत तिथेही चालते.

छपराच्या वर काय?

पुष्कळांना वाटते, चंदेरी वस्तू पत्र्याच्या वरच अंथरली तर ऊन आलेच नाही. इथे तिचा कंजूषपणा आड येतो. ऊन परतवते खरी, पण जे थोडे ऊन शोषते ती उष्णता आकाशाकडे फेकून द्यायला ती तयार नसते. म्हणून उघड्यावरची चकचकीत पत्री स्वतः तापते. शिवाय दोन पावसाळ्यांत तिची चकाकी जाते. छपराच्या वर उधळ्या हाताचा गडी हवा, जो ऊनही परतवील आणि पोटातली उष्णताही आकाशाला देऊन टाकील. तो गुण पांढऱ्या रंगाचा. म्हणूनच कोंबड्यांच्या शेडवर उन्हाळ्याआधी चुना मारण्याची रीत पडली आहे.

अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतल्या हजारो छपरांना पांढरा चुना लावण्याचे काम हाती घेतले. एवढ्या मोठ्या शहराने शेवटी आपल्या पोल्ट्रीवाल्यांचीच युक्ती उचलली म्हणायची.

जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर साधा चुना नीट धरत नाही. पहिल्या वळवातच ओघळून जातो. तिथे छपरासाठी मिळणारा पांढरा रंग द्यावा. सिमेंटच्या पत्र्यावर आणि स्लॅबवर चुना चांगला बसतो. लावणाऱ्याने डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे घालावेत. दोन्ही कामे एकदम परवडत नसतील तर आधी वरचा पांढरा रंग करावा, मग पुढल्या हंगामात आतली पत्री. आमच्या घरी एका वाक्यात हा नियम झाला आहे, 'बाहेर चुना, आत चांदी.'

उरलेल्या तुकड्यांचे काय?

काम झाल्यावर तुकडे उरतात. ते फेकू नयेत.

पश्चिमेच्या पत्र्याच्या दाराला आतून लाकडी पट्ट्या मारून, इंचभर फट ठेवून तुकडा बसवावा. चार वाजताचे ऊन दारातून जे आत भाजते ते थांबते. न्हाणीघराच्या पत्र्याच्या भिंतीलाही हाच उपाय.

छतावरच्या काळ्या टाकीला मात्र पत्री गुंडाळू नये. तिथे बारदान गुंडाळून वर चुना मारणे किंवा वर सावली करणे बरे. ओल्या बारदानावरही पत्री नको. डेअरीला जाणाऱ्या दुधाच्या कॅनला आपण ओले पोते गुंडाळतो. पोते वाळताना गारवा देते. वर पत्री घातली तर वाळणेच बंद होते आणि गारवाही बंद.

गृहिणींच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे गवताची पेटी. जुनी लाकडी पेटी किंवा जाड खोके घ्यावे, आतून पत्री लावावी आणि भांड्याच्या चारी बाजूंनी, खाली आणि वर किमान चार इंच भुसा, वाळले पाचट किंवा चिंध्या येतील अशी जागा करावी. भिजवलेली तुरीची डाळ झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटे खळखळ उकळावी, भांडे न उघडता फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवावे आणि वर भुशाची उशी दाबावी. तासा-दीड तासात डाळ आपल्याच उष्णतेने शिजते. भातही पाच मिनिटांची उकळी देऊन असाच होतो. फडके विसरू नये, कारण उकळते भांडे टेकले तर पत्रीतले प्लॅस्टिक मऊ पडते. दोन गोष्टी पाळाव्यात. भांडे भरलेले असावे, कारण अर्धे भांडे लवकर निवते. आणि अन्न तीन-चार तासांपेक्षा जास्त पेटीत ठेवू नये. कोमट अन्न लवकर नासते. वाढण्याआधी एक उकळी द्यावी. खुरपणीला जाणाऱ्या घरात गॅसची आणि वेळेची चांगली बचत होते.

गोठ्याचे विचाराल तर संकरित गाई उन्हाने आपल्या खिलारपेक्षा फार लवकर कासावीस होतात, खाणे कमी करतात आणि दूध उतरते. पण गोठ्यात पत्री घालण्याआधी वरून पांढरा रंग, भोवती मोकळा वारा आणि पुरेसे पाणी हे तीन उपाय करावेत. छप्पर उंच असेल तरच पत्रीचा विचार करावा. गाईची मान पोहोचली तर पत्री चघळली जाते, आणि प्लॅस्टिक पोटात गेलेले जनावर वाचवणे अवघड असते.

काय होईल, काय होणार नाही

आता खरे ते सांगून थांबतो. ही पत्री म्हणजे गारवा देणारे यंत्र नव्हे. बाहेर सावलीत बेचाळीस अंश असतील तर घरात तीस होणार नाहीत. बाहेरची हवा उघड्या खिडकीतून आत येणारच. होते ते इतकेच की डोक्यावरची शेगडी विझते, आणि घर सावलीइतके होते. आपल्यापैकी ज्याने पत्र्याखाली एक वैशाख काढला आहे त्याला या 'इतकेच'ची किंमत कळते. पहाटे दारे-खिडक्या उघडून गार हवा आत घ्यायची, नऊ-दहाला बंद करायच्या, संध्याकाळी पुन्हा उघडायच्या, ही शिस्त पाळली तर फरक अधिक वाटतो. आणि घरात कुणाचे अंग चटका बसेल इतके तापून बोलणे असंबद्ध झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता अंगावर पाणी घालत, वारा घालत दवाखाना गाठावा. कोणतीही पत्री डॉक्टरचे काम करीत नाही.

दुसऱ्यांदा काम केले त्या वर्षी चैत्री वारीला जाणारे पाहुणे दुपारी आमच्याकडे थांबले. जेवणे झाली, आणि सवयीने कुणी तरी म्हणाले, चला लिंबाखाली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हितंच पडा." पाळण्यात बाळ झोपले होते. त्या वर्षी त्याला घामोळे आले नाही असे नाही, थोडे आले. आईची बाज मात्र अक्षय्य तृतीया उलटून गेली तरी जागची हलली नव्हती. पाच वाजता ऊन उतरल्यावर ती स्वतःहून उठून लिंबाखाली जायची, वारा खायला आणि चार बायकांत बसायला.